नाण्यावरचा देव कोण, आणि कोणाचा?

डोक्यावर सिंहाचे कातडे ओढलेला तरुण चेहरा, आणि मागील बाजूस सिंहासनावर बसलेला, उजव्या हातावर गरुड घेतलेला दाढीधारी पुरुष, असे एक चांदीचे नाणे आपल्या संग्रहात आले आहे. विकणाऱ्याने तो चेहरा सिकंदराचा असल्याचे सांगितले. ते खरे आहे का, आणि ग्रीक व रोमन नाण्यांवरील देव ओळखण्याची काही पद्धत आहे का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते: नाणे अस्सल असेल, तर ते सिकंदराच्या नावाचे आहे, पण चेहरा हेराक्लीजचा आहे आणि मागे बसलेला पुरुष झ्यूस आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सवडीने उत्तर द्यावे लागेल, कारण नाण्यावरचा देव कोण हे ओळखले तरी निम्मेच काम होते. तो कोणाचा देव म्हणून तेथे आला, कोणत्या नगराने, राजाने किंवा घराण्याने त्याला तेथे आणले आणि त्यातून त्यांना काय सांगायचे होते, हे कळल्याशिवाय नाणे वाचले असे म्हणता येत नाही.

आपल्या नाण्यापासूनच सुरुवात करू. मॅसिडोनियाचे अर्गेअड राजघराणे स्वतःला हेराक्लीजचे वंशज मानत असे, आणि सिकंदराच्या जन्मापूर्वीच त्या घराण्याच्या नाण्यांवर सिंहचर्म पांघरलेला हेराक्लीज येऊन गेला होता. नेमेआच्या सिंहाला मारून त्याचे कातडे पांघरणारा हा वीर म्हणजे सिकंदराच्या दृष्टीने कुळाचा मूळपुरुष होता. मागील बाजूचा झ्यूस हा हेराक्लीजचा पिता. म्हणजे एका नाण्यावर पिता आणि पुत्र आहेत, आणि त्यांच्याशेजारी ग्रीक लिपीत षष्ठी विभक्तीत ‘अलेक्झांडरचे’ एवढाच लेख आहे. देवांची नावे लिहिलेली नाहीत, कारण ती लिहिण्याची कोणाला गरज वाटली नाही. या नाण्यांची रचना सिलिसियातील (आजच्या दक्षिण तुर्कस्तानातील) टार्सस येथे, इ. स. पू. ३३३ नंतर ठरली असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तेथे इराणी क्षत्रप, म्हणजे प्रांताधिकारी, माझायस याच्या नाण्यांवर सिंहासनस्थ ‘बाल’ देव होता, आणि सिकंदराचा झ्यूस बसण्याच्या ढबीत त्या बालसारखाच दिसतो. ग्रीक माणसाला त्या आकृतीत झ्यूस दिसावा आणि पूर्वेकडच्या माणसाला ओळखीचा बाल दिसावा, ही सोय त्या रचनेत होती. इतक्या मोठ्या प्रदेशावर चालणाऱ्या नाण्याला ती उपयोगाची होती.

चेहरा सिकंदराचा असल्याची समजूत केवळ विक्रेत्यांची नाही, ती फार जुनी आहे. सिकंदराच्या मृत्यूनंतरही अनेक नगरांनी आणि राजांनी याच रचनेची नाणी इ. स. पू. पहिल्या शतकापर्यंत पाडली, आणि त्यांतील काही ठशांवर हेराक्लीजच्या चेहऱ्यात सिकंदराची छटा उतरली असे म्हणण्यास जागा आहे. तथापि त्या राजाचा निःसंशय चेहरा पाहायचा असेल, तर त्याच्या सेनापतींच्या नाण्यांकडे वळावे लागते. इजिप्तमध्ये टॉलेमीने हत्तीच्या मस्तकाचे कातडे घातलेला सिकंदर छापला. थ्रेसच्या लिसिमाकसने कानाजवळ मेंढ्याचे वळलेले शिंग असलेला सिकंदर छापला. ते शिंग इजिप्तच्या अमोन देवाचे आहे, कारण सिकंदर स्वतःला अमोनचा पुत्र म्हणवीत असे. म्हणजे डोक्यावरचे कातडे सिंहाचे की हत्तीचे, एवढ्या एका फरकाने देव आणि माणूस वेगळे होतात.

आपल्या नाण्याचे वजन सुमारे १७ ग्रॅम भरत असेल, तर ते चार द्रम्मांचे (द्रम्म म्हणजे ग्रीक ‘द्राख्मा’), म्हणजे टेट्राड्राख्म आहे. सुमारे ४ ग्रॅम असेल, तर एका द्रम्माचे. झ्यूसचे पाय पाहावेत. ते एकमेकांना समांतर ठेवलेले असतील, तर नाणे सिकंदराच्या हयातीतील किंवा त्याच्या जवळपासच्या काळातील असण्याचा संभव वाढतो; पायावर पाय आडवा घेतलेला असेल, तर ते बहुधा नंतरचे. हा नियम सर्व टाकसाळींना सारखा लागू पडत नाही, म्हणून सिंहासनाखालची आणि झ्यूससमोरची लहान चिन्हे, जोडाक्षरे आणि अक्षरे टिपून घ्यावीत. टाकसाळ कोणती, हे त्यांवरूनच ठरते. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने सिकंदराच्या नावाच्या नाण्यांची ‘पेल्ला’ नावाची सूची सर्वांसाठी खुली ठेवली आहे. तीत ही चिन्हे शोधता येतात.

आता पद्धतीकडे वळतो. आपल्याकडे मूर्तिशास्त्र शिकताना चेहरा पाहून विष्णू की शिव हे कोणी ठरवीत नाही. आयुधे, वाहन आणि लांछन पाहून ठरवतात. ग्रीक देवांनाही हीच कसोटी लागू पडते, आणि मराठी वाचकाला ती शिकवावी लागत नाही. दाढीधारी प्रौढ मस्तक असेल, तर डोक्यावर काय आहे ते पाहावे. लॉरेलची माळ असल्यास बहुधा झ्यूस. ओकच्या पानांची माळ असल्यास डोडोना येथील झ्यूस, जो एपिरसच्या नाण्यांवर आढळतो. आयव्हीच्या वेलीची माळ असल्यास डायोनायसस. डोक्यावर धान्य मोजण्याच्या मापासारखा उंच टोप असल्यास सरापिस. जवळ सापाचे वेटोळे असलेली काठी असल्यास अस्क्लेपियस. आणि त्रिशूळ असल्यास पोसायडन. हा त्रिशूळ पाहून आपल्याकडील नवखा संग्राहक लगेच शिवाकडे जातो, पण ग्रीक नाण्यावर तो मासे मारण्याचा भाला आहे आणि त्याचा संबंध समुद्राशी आहे. तरुण, दाढी नसलेले मस्तक लॉरेल धारण करीत असेल, तर अपोलो. डोक्याभोवती किरण असतील, तर हेलिओस. पंख लावलेली रुंद काठाची टोपी असेल, तर हर्मीस. स्त्रीच्या मस्तकावर शिरस्त्राण असल्यास अथीना, केसांत जवाच्या ओंब्या असल्यास डिमीटर, खांद्यामागे बाणांचा भाता असल्यास आर्टेमिस, आणि तटबंदीच्या आकाराचा मुकुट असल्यास नगराची भाग्यदेवता टायकी. अफ्रोडाइटी मात्र अवघड आहे, कारण मस्तकापुरते पाहिले तर तिचे स्वतःचे असे ठळक चिन्ह पुष्कळदा नसते. तेथे नगराचे नाव मदतीला घ्यावे लागते.

आणि येथेच आयुधांची पद्धत एकटी अपुरी पडते. सिराक्यूज या सिसिलीतील नगराच्या नाण्यांवर एका सुंदर स्त्रीमस्तकाभोवती चार डॉल्फिन फिरताना दिसतात. आयुधांच्या यादीवरून ती कोण हे सांगता येणार नाही. सिराक्यूजच्या ऑर्टिजिया बेटावर समुद्राच्या अगदी काठाशी गोड्या पाण्याचा झरा आहे आणि त्या झऱ्याची अप्सरा अरेथुसा ही त्या नगराची लाडकी देवता होती, हे माहीत असेल तर मस्तकही कळते आणि डॉल्फिनही: मध्ये गोडे पाणी आहे आणि भोवती समुद्र आहे. किमोन आणि एव्हाइनेटोस या ठसे कोरणाऱ्यांनी अशा नाण्यांवर स्वतःची नावे कोरली. ग्रीक कारागिराने नाण्यावर सही करावी, एवढी त्या कामाची प्रतिष्ठा होती. प्राचीन जगातील नाण्यांत मला सर्वांत देखणी नाणी निवडण्यास सांगितले, तर मी त्यांच्या दहा द्रम्मांच्या नाण्यांकडे बोट दाखवीन.

एकच देवता निरनिराळ्या हातांत काय काय सांगते, हे अथीनाच्या प्रवासावरून सर्वांत चांगले कळते. अथेन्सच्या नाण्यावर ती दर्शनी बाजूस शिरस्त्राण घालून आहे आणि मागील बाजूस तिचे घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि नगराच्या नावाची पहिली तीन अक्षरे आहेत. लॉरियन येथील खाणींच्या चांदीवर पाडलेले हे नाणे भूमध्य समुद्राभोवती सर्वत्र चालले, आणि त्याचे रूप अथेन्सने मुद्दाम फारसे बदलले नाही, कारण परक्या व्यापाऱ्याचा विश्वास त्या ओळखीच्या घुबडावर होता. येथे अथीना नगराची स्वामिनी आहे, नगर तिच्याच नावाचे आहे. अथेन्सचा व्यापारातील प्रतिस्पर्धी कॉरिंथ. पण त्याच्या नाण्यांवरही अथीनाच आहे, आणि दुसऱ्या बाजूस पंख असलेला घोडा पेगॅसस आहे. कॉरिंथच्या बेलेरोफोनला तो घोडा आवरण्यासाठी सोन्याचा लगाम अथीनाने दिला, अशी कथा आहे. म्हणजे कॉरिंथकरांची अथीना ही अथेन्सची नाही, ती त्यांच्या स्वतःच्या वीराला साहाय्य करणारी आहे. लेउकास, अम्ब्राकिया यांसारख्या कॉरिंथच्या वसाहतींनी हीच रचना उचलली, आणि तेथे फक्त घोड्याखालचे अक्षर पाहून नगर ठरवावे लागते.

सिकंदराने आपल्या सोन्याच्या नाण्यांवर अथीना आणि विजयदेवता नायकी यांना आणले. त्याची मोहीम इराणवर सूड घेण्यासाठी निघालेल्या सर्व ग्रीकांची मोहीम आहे, असे तो सांगत होता, आणि ही दोन्ही रूपे त्या दाव्याला साजेशी होती. लिसिमाकसने तिला सिंहासनावर बसवले, तिच्या तळहातावर लहानशी नायकी उभी केली, आणि ती नायकी हातातील माळ ‘लिसिमाकसचे’ या लेखावर धरते आहे. ही अथीना आता एका नगराची राहिलेली नाही. ती एका राजाला विजयी ठरवणारी साक्षीदार झाली आहे. मॅसिडोनियाच्या अँटिगोनस गोनाटसच्या नाण्यांवर ती पुन्हा वेगळी होते: जुन्या, ताठर पुतळ्याच्या थाटात, वज्र फेकण्याच्या पवित्र्यात. पेल्ला या राजधानीत तिची ‘अल्किदेमॉस’ या नावाने पूजा होत असे, आणि हे रूप त्या देवतेशी जोडले जाते.

हीच वज्र फेकणारी अथीना पुढे भारताच्या वायव्येस राज्य करणाऱ्या ग्रीक राजा मिनँडरच्या नाण्यांवर अवतरते. दर्शनी बाजूस ग्रीक लिपीत ‘तारणहार राजा मिनँडर याचे’ असा लेख आणि मागील बाजूस खरोष्ठी लिपीत त्याच अर्थाचा ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ हा प्राकृत लेख, अशी ही दोन भाषांची नाणी आहेत. पाली परंपरेत भिक्खू नागसेनाशी संवाद करणारा मिलिंद राजा तो हाच, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्याचेच नाव दिले. बौद्ध परंपरेने आपला मानलेल्या या राजाच्या चांदीच्या बहुतेक नाण्यांवर देवता मात्र मॅसिडोनियाची आहे. यात विसंगती शोधण्याची गरज नाही. नाण्यावरचा देव हा राजाची वैयक्तिक श्रद्धा सांगतोच असे नाही, तो बहुधा राजाचे कूळ, सत्तेचा वारसा आणि सैन्याची निष्ठा सांगतो. ‘पेरिप्लस’ या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात म्हटले आहे की, बारिगाझा, म्हणजे भडोच येथे, अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्रम्म त्या वेळीही चालत होते. भडोचमागचा घाट ओलांडला की आपला नाशिकचा प्रदेश लागतो. क्षहरात क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचे मस्तक आणि त्याभोवती ग्रीक लिपीतील लेख का आहे, याचे उत्तर त्या द्रम्मांत आहे. नहपानाने त्या नाण्यांची धाटणी घेतली, देवता घेतली नाही. मागील बाजूस बाण आणि वज्र आहेत. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या त्याच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली आहेत, हे पुष्कळांना ठाऊक असते. मात्र खालच्या थरात दिसणारी ती अर्धवट ग्रीक अक्षरे कोठून आली, याकडे सहसा कोणी पाहत नाही.

भारताच्या सीमेवरील दोन उदाहरणे येथेच सांगतो, कारण नाण्यावरील लेख किती महत्त्वाचा, हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसरे काही दाखवीत नाही. अफगाणिस्तानातील आय-खानूम येथे १९७० मध्ये बॅक्ट्रियाच्या (आजच्या उत्तर अफगाणिस्तानातील ग्रीक राज्याच्या) अगाथोक्लीस राजाची चौकोनी चांदीची नाणी सापडली. त्यांवर एका बाजूस नांगर आणि मुसळ घेतलेला पुरुष आहे आणि दुसऱ्या बाजूस चक्र आणि शंख घेतलेला. हे संकर्षण आणि वासुदेव आहेत. त्यांच्या अंगावरचा वेश आणि उभे राहण्याची ढब वायव्येकडची आहे, पण आयुधांनी संशय उरू दिला नाही. दुसरे उदाहरण कनिष्काचे आहे. त्याच्या आरंभीच्या नाण्यांवर लेख ग्रीक भाषेत आहे आणि देवांची नावे हेलिओस, सेलीनी, हेफाइस्टोस अशी आहेत. थोड्याच काळात त्याने नाण्यांवरची भाषा बदलून बाख्त्री, म्हणजे बॅक्ट्रियाची इराणी भाषा, केली, लिपी ग्रीकच ठेवली, आणि त्याच किरणांच्या प्रभामंडळाचा तोच सूर्यदेव आता ‘मीरो’ झाला, चंद्रदेवता ‘माओ’ झाली, अग्नीचा देव ‘अथ्शो’ झाला. ठसे जवळजवळ तेच राहिले आणि देव इराणी झाले. अशा नाण्यावर लेख न वाचता केवळ आकृतीवरून ‘हेलिओस’ असे लिहून ठेवणे ही चूक ठरते, आणि छापील सूचींतूनसुद्धा ती कधी कधी झालेली दिसते.

रोमकडे आल्यावर हिशेब थोडा उलटा होतो. ग्रीक नगराने देवाचे नाव बहुधा लिहिले नाही. रोमन सम्राटाच्या टाकसाळीने मात्र ते बहुतेक वेळा लिहिले, आणि वर विशेषणही जोडले: रक्षणकर्त्या ज्युपिटरला, सूड घेणाऱ्या मार्सला, विजय देणाऱ्या व्हीनसला. त्यामुळे लॅटिन लेखातील संक्षेप वाचण्याची सवय करून घेतली, तर रोमन नाणी ग्रीक नाण्यांपेक्षा सोपी वाटतात.

प्रजासत्ताकाच्या काळातील काशाच्या आणि तांब्याच्या नाण्यांवर देवांचा उपयोग किंमत सांगण्यासाठी झाला, आणि ही योजना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. ‘अस’ हे मूळ नाणे, आणि बाकीची त्याचे भाग. एक अस म्हणजे दोन तोंडांचा जानस, अर्धा अस म्हणजे सॅटर्न, एकतृतीयांश म्हणजे मिनर्व्हा, एकचतुर्थांश म्हणजे सिंहचर्मातील हर्क्युलीस, एकषष्ठांश म्हणजे मर्क्युरी. मागील बाजूस सर्वांवर जहाजाचा पुढचा भाग. निरक्षर माणसानेही देव पाहून किंमत ओळखावी, अशी ती सोय होती. इ. स. पू. २११ च्या सुमारास, हॅनिबलशी युद्ध चालू असताना, डिनारियस हे चांदीचे नाणे आले. त्यावर पंख लावलेल्या शिरस्त्राणातील रोमा देवता आणि मागे दौडत निघालेले कॅस्टर व पोलक्स हे जुळे भाऊ होते. ही रोमा आणि अथीना किंवा मिनर्व्हा यांच्यात नवख्यांचा नेहमी गोंधळ होतो. शिरस्त्राणाला बाजूस पंख असतील आणि हनुवटीखाली किंवा मानेमागे दहा असांची किंमत दाखवणारी फुली असेल, तर ती रोमा.

पुढे टाकसाळीवर दर वर्षी नेमल्या जाणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांनी नाण्यांचा उपयोग आपापल्या घराण्यांची महती सांगण्यासाठी सुरू केला, आणि या टप्प्यावर रोमन नाणी अतिशय रसाळ होतात. गायस मामिलियस लिमेटानस याचे इ. स. पू. ८२ मधील डिनारियस घ्यावे. दर्शनी बाजूस मर्क्युरी आहे. मागील बाजूस काठी टेकत चाललेला, प्रवाशाच्या वेशातील एक पुरुष आणि त्याच्याकडे तोंड वर करून पाहणारा कुत्रा आहे. हा युलिसीस, म्हणजे होमरच्या महाकाव्याचा नायक ओडिसियस; वीस वर्षांनी घरी परतलेल्या धन्याला त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याने, आर्गसने, ओळखले, तो प्रसंग येथे कोरला आहे. मामिलियस घराणे स्वतःला युलिसीस आणि जादूगारीण किर्की यांच्या पुत्राचे वंशज म्हणवीत असे, आणि युलिसीसच्या आईचा आजा मर्क्युरी. दोन्ही बाजू एकत्र वाचल्या की नाण्यावर एका घराण्याची वंशावळ उभी राहते. केवळ दर्शनी बाजू पाहून ‘मर्क्युरी, व्यापाराचा देव’ असे लिहून मोकळे झाले, तर त्यातले काहीही हाती लागत नाही.

ज्युलियस सीझरने हाच मार्ग शेवटपर्यंत नेला. त्याचे घराणे व्हीनसपासून उत्पन्न झाल्याचा दावा करीत असे, म्हणून त्याने व्हीनसचे मस्तक आणि मागे जळत्या ट्रॉयमधून वृद्ध पित्याला खांद्यावर घेऊन निघालेला तिचा पुत्र इनियस, असे डिनारियस पाडले. इ. स. पू. ४४ च्या आरंभी रोमच्या टाकसाळीतून जिवंत रोमन माणसाचा चेहरा असलेली नाणी प्रथमच निघाली. चेहरा सीझरचा होता आणि मागे विजयी व्हीनस होती. जी जागा तोपर्यंत देवांची आणि पूर्वजांची होती तेथे सत्ताधारी आला, आणि त्यानंतर साम्राज्याच्या नाण्यांवर देव बहुतेक मागील बाजूस गेले.

साम्राज्याच्या काळात या मागील बाजूवर देवांइतकीच गर्दी गुणदेवतांची आहे. पॅक्स ही शांती ऑलिव्हची फांदी धरते, फॉर्च्युना सुकाणू धरते, सालस सापाला भरवते, स्पेस हातात फूल घेऊन दुसऱ्या हाताने वस्त्राचा काठ उचलते, लिबर्टास मुक्त केलेल्या गुलामाची टोपी दाखवते. एक्विटास आणि मोनेटा या दोघींच्याही हातांत तराजू आणि समृद्धीचे शिंग असते; त्यांना वेगळे करणारा केवळ लेख आहे, आणि तो झिजला असेल तर प्रामाणिकपणे ‘दोहोंपैकी एक’ असे लिहावे.

लेख असूनही देवता निश्चित होत नाही, असेही नाणे आहे, आणि ते भारतात विपुल सापडते. दक्षिण भारतातील रोमन चांदीच्या साठ्यांत ऑगस्टसचे, त्याचे नातू गायस आणि ल्युसियस ढालींसह उभे असलेले डिनारियस आणि टायबेरियसचे, बसलेली स्त्री असलेले डिनारियस ही दोन सर्वाधिक आढळतात. टायबेरियसच्या नाण्यावरील स्त्रीच्या हातांत राजदंड आणि फांदी आहे. लेख मात्र सम्राटाच्या ‘महापुरोहित’ या पदाचा आहे, तिचे नाव त्यात नाही. तिला शांतीदेवतेच्या रूपातील लिव्हिया, म्हणजे सम्राटाची आई, म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो सयुक्तिक आहे, पण ते अनुमानच आहे. ही नाणी येथे वजनाने आणि धातूच्या खरेपणाने स्वीकारली गेली. त्यांवरच्या आकृतींचे आकर्षणही होते असे दिसते, कारण मराठवाड्यातील तेर येथे रोमन नाण्यांच्या नकला भाजलेल्या मातीत केलेल्या मिळाल्या आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात मिळालेली पोसायडनची लहान कांस्यमूर्ती अनेकांनी पाहिली असेल. समुद्रदेवतेचे जे रूप नाण्यांवर सपाट दिसते, ते तेथे सर्व बाजूंनी पाहता येते.

पूर्वेकडील प्रांतांतील ग्रीक नगरे रोमन सत्तेखालीही स्वतःची काशाची नाणी पाडत राहिली. दिसायला ती ओबडधोबड असतात आणि संग्राहक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात, हे मला खटकते, कारण नष्ट झालेल्या मूर्ती पाहायला मिळण्याची ती जवळजवळ एकमेव जागा आहे. ऑलिंपिया येथील फिडियसचा सोन्या-हस्तिदंताचा झ्यूस कसा बसला होता, हे ऑलिंपिया ज्याच्या ताब्यात होते त्या एलिस नगराने सम्राट हेड्रियनच्या काळात पाडलेल्या नाण्यांवरून कळते. प्रॅक्सिटेलीसची क्निडसची अफ्रोडाइटी कोणत्या ढबीत उभी होती, हे त्याच नगराच्या, सम्राट कॅराकॅला आणि त्याची पत्नी प्लॉटिल्ला यांच्या नाण्यावरून ठरवता आले. इफेससच्या नाण्यांवरील आर्टेमिस ही हरिणामागे धावणारी ग्रीक शिकारी नाही. ती ताठ उभी, गुंडाळलेल्या देहाची आशिया मायनरची देवता आहे, आणि दोघींचे नाव एक असले तरी त्यांना एकच समजून चालत नाही. सायप्रसमधील पाफोसच्या मंदिरात तर अफ्रोडाइटीची मूर्तीच नव्हती, शंकूच्या आकाराचा दगड होता, आणि नाण्यावर तो तसाच दाखवला आहे.

तिसऱ्या शतकाकडे येताना सम्राट आणि देव यांच्यातील अंतर कमी होते. कॉमोडसने १९१-१९२ मध्ये आपल्याच चेहऱ्यावर सिंहचर्म चढवून ‘रोमन हर्क्युलीस’ असा लेख घातला. म्हणजे सिकंदराच्या नाण्याबद्दल जी समजूत चुकीची आहे, ती येथे अक्षरशः खरी आहे. एलागाबालसने सीरियातील आपल्या एमेसा नगरात देव म्हणून पूजला जाणारा काळा दगड चार घोड्यांच्या रथात बसवून नाण्यावर आणला. ऑरेलियनने अजिंक्य सूर्याला, सोल इन्व्हिक्टसला, राज्याचा प्रमुख देव केले, आणि कॉन्स्टंटाइनच्या नाण्यांवर हा सूर्य ३१२ नंतरही काही वर्षे ‘सम्राटाचा सोबती’ म्हणून टिकला. कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती झाला तो दिवस धरून त्याची नाणी दोन भागांत कापू नयेत. टाकसाळीचे ठसे आणि सम्राटाची श्रद्धा एकाच दिवशी बदलत नाहीत. सर्वांत चिवट ठरली ती विजयदेवता. ज्युपिटर आणि मार्स गेल्यावरही ती ख्रिस्ती सम्राटांच्या सोन्याच्या सॉलिडसवर हातात लांब क्रूस घेऊन उभी राहिली, आणि सहाव्या शतकात पहिल्या जस्टिनच्या काळी तिच्या जागी पुरुषरूपातील देवदूत आला.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. चांदीवरचा काळसर थर चिंचेने, लिंबाने किंवा पावडरीने घासून काढू नये. आपल्या नाण्यावर टाकसाळ ठरवणारी जी बारीक जोडाक्षरे आहेत, ती सर्वांत आधी जातात, आणि ती गेली की नाणे सिकंदराच्या नावाचे एवढेच सांगता येते. नाणे साच्यात ओतून केलेले नसल्याची खात्री करण्यासाठी कडेवर जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर हवेचे बारीक बुडबुडे भिंगातून शोधावेत, आणि वजन दशांश ग्रॅमपर्यंत घ्यावे. कायद्याच्या दृष्टीने भारतात शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या अधिनियमाप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि शासनाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत गाडलेला ठेवा सापडल्यास, त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर, १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. म्हणून विक्रेत्याकडून खरेदीची पावती आणि नाणे पूर्वी कोणाच्या संग्रहात होते याची लेखी नोंद मागून घ्यावी.